‘ब्रूडर खाद्यात साधं सोयातेल’ या तक्रारीवर दुकानाचं उत्तर

राम राम भाऊ,

तुम्ही लिहिलंय की आमच्या तिलापिया माशाच्या ब्रूडर (विणीसाठी ठेवलेल्या नर-माद्या) खाद्यात माशाच्या तेलाऐवजी सोयातेल आहे, दुसरीकडच्या माशाच्या तेलाच्या खाद्यावर माद्या वजनाने जास्त भरल्या, आणि आमच्या गोळीला घाण्याचं सरकीचं तेल चोळूनही जिरे (माशाची बारीक पिल्लं) कमीच मिळाले. एका गोणीला खवट वास होता, हेही.

सोयातेल आम्ही जाणूनबुजून घालतो. फिलिपिन्समध्ये नाईल तिलापियाच्या ब्रूडरना 5 टक्के प्रमाणात वेगवेगळी तेलं देऊन केलेला अभ्यास 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. कॉड माशाच्या यकृताच्या तेलावर वजन सगळ्यात जास्त वाढलं, पण विणीत तेच मासे मागे पडले. सर्वाधिक पिल्लं सोयातेलावरच्या माद्यांनी दिली. तुमच्या माद्या भरल्या असतील, त्यात शंका नाही. पण ब्रूडरचा हिशेब वजनकाट्यावर करू नका. दर किलो मादीमागे हाप्यातून (तलावात लावलेल्या जाळीच्या पिंजऱ्यातून) किती जिरे निघाले ते मोजा.

तिलापिया उष्ण, गोड्या पाण्यातला मासा. त्याला खाद्यातून लिनोलेइक आम्ल (तेलातलं ओमेगा-6 मेदाम्ल) साधारण 0.5 ते 1 टक्का लागतं. त्यापासून तो अॅराकिडोनिक आम्ल हे दुसरं मेदाम्ल स्वतःच बनवतो, आणि अंडी सुटायला लागणारी प्रोस्टाग्लँडिनं (संप्रेरकासारखी द्रव्यं) त्यातूनच होतात. सोयातेलात जवळपास निम्मं लिनोलेइक असतं, माशाच्या तेलात अगदी थोडं. समुद्री माशांना मात्र माशाच्या तेलातलं ओमेगा-3 खाद्यातूनच द्यावं लागतं, आणि बहुतेक सल्ले तिथूनच उचललेले असतात. रोहू-कटल्यालाही तिलापियाचं गणित लावू नका. सायप्रिनसला (कॉमन कार्पला) लिनोलेइक आणि लिनोलेनिक (जवसातलं ओमेगा-3 मेदाम्ल) दोन्ही सुमारे 1 टक्का लागतात, म्हणून कार्पच्या खाद्यात थोडं जवसाचं तेल कामी येतं.

आता सरकी. कपाशीचा मुलूख आपला, तेल गावातच मिळतं, म्हणून बरेच जण चोळतात. कच्च्या तेलात गॉसिपॉल हे सरकीतलं विषारी द्रव्य राहतं आणि त्यासोबत सायक्लोप्रोपीन मेदाम्लंही असतात. ही दोन्ही विणीला मारक आहेत. गॉसिपॉल तर नराच्या बीजालाही सोडत नाही. हे आजच बंद करा. सरकीची पेंडही ब्रूडरना नको. आमच्या गोळीत तेल पुरेसं आहे, वरून घातलेलं मादीच्या पोटात चरबी होऊन बसतं. रोज शरीराच्या वजनाच्या 1 ते 2 टक्के खाद्य बास. तोंडात अंडी धरलेली मादी खातच नाही, तेव्हा तिच्या वाट्याचं पाण्यात सडू देऊ नका.

खवट वासाचं म्हणाल तर ती गोणी घालू नका, अर्धी संपली असली तरी. खवटलेलं तेल खाद्यातलं ई जीवनसत्त्व खाऊन टाकतं, आणि अंड्यांच्या दर्जाला तेच हवं असतं. वैशाखात पत्र्याच्या शेडमध्ये गोणी महिनाभर पडली तर कुठलंही तेल टिकत नाही. भिंतीपासून हातभर लांब, लाकडी फळ्यांवर, सावलीत थप्पी लावा. तोंड उघडलेली गोणी दोन-तीन आठवड्यांत संपवा. न उघडलेल्या गोणीला वास येत असेल तर शिवणीवरची लॉट नंबरची चिठ्ठी जपून गोणी दुकानावर आणा, बदलून देतो.

येताना तलावाच्या पाण्याचं सकाळ-दुपारचं तापमानही लिहून आणा. 25 ते 30 अंशांच्या बाहेर पाणी असेल तर आधी तलावावर सावलीची जाळी आणि पाण्याची खोली बघू, खाद्याचं त्यानंतर बोलू.