मग्दालीया मरीयेबद्दलची माझी पोस्ट चुकली होती

ईस्टरच्या आठवड्यात मी एक यादी पुढे पाठवली होती : नोहा दारू प्यायला, मोशे जड जिभेचा, पेत्राने येशूला नाकारलं, येशूची शिष्या मग्दालीया मरीया वेश्या होती, तरी देवाने त्यांचा उपयोग करून घेतला. यातली मरीयेची ओळ बायबलमध्ये नाही. मी न तपासता पाठवली.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात (8:2) तिच्यातून सात भुतं निघाल्याचं सांगितलंय, बस. लगेच पुढे ती नि इतर स्त्रिया पदरच्या पैशाने येशूची सेवा करताना दिसतात. परूश्याच्या (नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या माणसाच्या) घरी आसवांनी येशूचे पाय भिजवणारी पापी स्त्री आधीच्या अध्यायातली, आणि तिचं नाव दिलेलंच नाही. दोघी एकच, असं पोप पहिले ग्रेगरी यांनी 591 च्या सुमारास एका प्रवचनात म्हटलं आणि ते पश्चिमेकडच्या चर्चमध्ये रूढ झालं. 1969 च्या सणांच्या दिनदर्शिकेत कॅथलिक चर्चने ही सांगड सोडली. 2016 मध्ये तिच्या 22 जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या (येशूने निवडलेल्या मुख्य शिष्यांच्या) सणांचा दर्जा मिळाला.

दुबळेपणच पाहायचं तर योहान 20 वाचा. येशूच्या कबरेबाहेर ती रडतेय, समोर उभ्या येशूला माळी समजतेय. ‘मरीये’ अशी हाक आल्यावर कुठे ‘रब्बूनी!’ (गुरुजी!) म्हणते. पुनरुत्थानाचा, म्हणजे येशू पुन्हा जिवंत उठल्याचा, निरोप तिच्यावरच सोपवला जातो. लूक तर लिहितो, बायकांचं बोलणं प्रेषितांना बडबड वाटलं!

जुनी पोस्ट मी काढली आहे. तुमच्याकडे असेल तर कृपया पुढे पाठवू नका. पाठवली असेल तर तिथेच हा खुलासाही टाका.