सोनेरी भिंतींपेक्षा खुर्च्यांकडे पाहा

अठराव्या शतकातील फ्रेंच उमरावांच्या दिवाणखान्यांचा विषय निघाला की सोनेरी वेलबुट्टी, आरसे आणि उधळपट्टी यांपलीकडे बोलणे सहसा जात नाही. हे मला अन्यायाचे वाटते. तिथे श्रीमंतीचे प्रदर्शन होतेच, आणि त्या श्रीमंतीचा एक भाग सँ-दोमँग या कॅरिबियनमधील फ्रेंच वसाहतीतील (आजचे हैती) गुलामांच्या श्रमांतून आला होता, हेही विसरता कामा नये. परंतु माणसांनी एकत्र बसून कसे बोलावे, याचा इतका बारकाईने विचार केलेल्या खोल्या क्वचितच आढळतात.

त्याआधीच, सतराव्या शतकात, मार्कीझ द रांबुये या उमराव स्त्रीने लाल आणि तपकिरी भिंतींची चाल मोडून पॅरिसमधील आपली खोली निळी केली. ती पलंगावरूनच पाहुण्यांचे स्वागत करी आणि कवी, विद्वान, सरदार तिच्याभोवती बसत. दरबारी भव्यतेपेक्षा सर्वांना एकमेकांचे बोलणे ऐकू येईल अशी आटोपशीर जागा तिने पसंत केली.

पंधराव्या लुईच्या काळातील खुर्च्यांमध्ये तर हा विचार हाताने चाचपता येतो. सपाट पाठीच्या जड खुर्च्या भिंतीलगत असत. त्यांची जागा ठरलेली, आणि त्यांच्या पाठीचा आकारही बहुधा मागच्या लाकडी नक्षीशी जुळवलेला. याउलट ‘काब्रिओले’ खुर्ची हलकी, पाठ अंगाला धरून किंचित वळलेली; बोलणे रंगले की ती उचलून हव्या त्या घोळक्यात न्यावी. खुर्चीच्या हातांचे आधार बैठकीच्या पुढच्या कडेपासून मागे सरकवलेले असत, कारण स्त्रियांच्या घेरदार झग्यांना जागा लागे. काही श्रीमंत घरांत गादीचे कापड सुट्या चौकटीवर ताणलेले असे, म्हणजे हिवाळ्यातील मखमल उतरवून उन्हाळ्यात रेशीम चढवता येई.

पॅरिसमधील ओतेल द सुबीझ या उमरावी वाड्यात वास्तुविशारद जेर्मँ बोफ्राँने १७३० च्या दशकात रचलेला लंबगोल दिवाणखाना आजही पाहता येतो. तिथे भिंत आणि छत यांच्या सांध्यावर चित्रकार नात्वारची, सायकी या ग्रीक-रोमन पुराणकथेतील नायिकेच्या कथेवरील आठ चित्रे आहेत आणि खाली आरसे, जे मेणबत्त्यांचा उजेड दुप्पट करीत.

पॅरिसमध्ये विद्वानांची बैठक भरवणारी मादाम दू देफाँ १७५४ च्या सुमारास अंध झाली, तरी तिची बैठक थांबली नाही. तिची सोबतीण ज्यूली द लेस्पिनास हिने १७६४ मध्ये वेगळी बैठक मांडली, तेव्हा गणितज्ञ आणि तत्त्वचिंतक दालाँबेर ज्यूलीकडे गेला आणि पॅरिसच्या विद्वानांत दोन तट पडले. मोठ्या घरची मालमत्ता हाती नसलेल्या ज्यूलीकडेही माणसे जमली, ती तिच्या संभाषणचातुर्यामुळे.

म्हणूनच संग्रहालयांत काब्रिओले खुर्च्याही दोरीपलीकडे भिंतीशी ओळीने मांडलेल्या दिसतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. दोरी असू द्या, पण त्या निदान खोलीच्या मधोमध, एकमेकींकडे तोंड करून ठेवाव्यात.