चिल्लर खलनायकांची शिकवणी

शनिवारी संध्याकाळी फ्रेंचच्या वर्गात पाऊल टाकलं, तर पहिल्याच बाकावर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. पुढ्यात दोनशे पानी वही, वहीला खाकी कव्हर.

खरं तर दारातूनच परत फिरायला हवं होतं. पण फी आगाऊ भरली होती आणि ती परत मिळणार नाही, हे पावतीवर चांगलं ठळक छापलं होतं.

आमचं भांडण स्कूटरचं. ती मी पिवळ्या पट्ट्याबाहेर लावतो, असं त्यांचं म्हणणं. नोटीस बोर्डावर ते माझं नाव कधीच घालत नाहीत, ‘काही सभासद’ असं लिहितात. काही सभासद म्हणजे मी एकटा, हे तळमजल्यावरच्या मांजरालाही ठाऊक आहे.

शेवटच्या बाकावर जाऊन बसलो आणि एक कॉमिक आठवलं. ‘जस्टिस लीग युरोप’, अंक सहावा, १९८९. कॉलेजात असताना फ्लोरा फाउंटनच्या फूटपाथवरून घेतलेला. लेखक किथ गिफन आणि जे. एम. डिमॅटिस. या जोडीला जग वाचवण्यापेक्षा जग वाचवणाऱ्यांची फजिती जास्त प्रिय. लीगची कचेरी पॅरिसमध्ये, आणि फ्रेंचच्या नावानं बहुतेकांची बोंब. म्हणून हे महावीर रीतसर फ्रेंचच्या शिकवणीला जातात. त्याच वर्गात विद्यार्थी म्हणून येऊन बसलेली असते खलनायकांची ‘इन्जस्टिस लीग’. पुढे वर्गाचं काय होतं, ते सांगायला नको.

ही इन्जस्टिस लीग म्हणजे दुसऱ्यांच्या कॉमिकमधून गोळा केलेली चिल्लर. क्लू मास्टर बॅटमॅनच्या गोष्टीतला. स्वतःच्या गुन्ह्याचे धागेदोरे स्वतःच ठेवून जाणारा; हे काम बॅटमॅनकडे आधीच रिडलर करत होता, तरीही. मेजर डिझास्टरच्या नावातच निकाल. मल्टी-मॅन मेला की नव्या शक्तीसह परत येतो, म्हणजे प्रत्येक बढतीसाठी आधी मरायचं. (आमच्या ऑफिसातही साधारण हेच धोरण आहे.)

पण माझा जीव क्लॉक किंगवर. अंगभर घड्याळं, चेहऱ्याच्या जागीही डायल. हा मूळचा साधा माणूस, घरी आजारी बहीण. डॉक्टर सांगतात, तुमच्याकडे सहा महिने आहेत. आपल्यामागे बहिणीचं कसं होणार म्हणून तो बँक लुटायला जातो आणि पकडला जातो. तो तुरुंगात असताना बहीण जाते, आणि मग कळतं की डॉक्टरांच्या कागदांची अदलाबदल झाली होती. याला काहीच झालेलं नव्हतं! एवढं झाल्यावर माणसानं अंगावर घड्याळं लावून हिंडू नये तर काय करावं?

१९९० च्या एका वार्षिक अंकात ही मंडळी सुधारायचं ठरवतात, तर त्यांना थेट जस्टिस लीगची अंटार्क्टिका शाखा काढून देतात. म्हणजे सन्मानही झाला आणि ब्यादही टळली. आमच्याकडे अशांना पाण्याच्या टाकीच्या कमिटीवर घेतात. अंटार्क्टिकात त्यांच्यावर माणूसखाऊ पेंग्विन चालून येतात. आमच्या टाकीवर फक्त कबुतरं.

इतका वेळ माझी समजूत अशी, की आमच्या गोष्टीतली जस्टिस लीग म्हणजे मी. तेवढ्यात बाईंनी आकडे काढले. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, नव्व्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-नऊ. वर्ग गारठला. सेक्रेटरी मात्र खुलले. “अहो, हे तर आपलंच! माझी आजी नारळ असेच मोजायची. चार विसा न नऊ.” माझीही आजी विसांतच मोजायची, पण हे कबूल करायची माझी तयारी नव्हती.

मग संवादासाठी जोड्या लावल्या. आमची जोडी लागली, हे वेगळं सांगायला नकोच. मी विचारायचं, तुम्ही कुठे राहता? त्यांनी उत्तर द्यायचं. दोघं एकाच जिन्यानं चढउतार करणारे. मधेच हळूच म्हणाले, “नातू मॉन्ट्रियलला असतो. शाळा फ्रेंच. फोनवर निम्मं कळत नाही हो.” मी वहीत उगाच टेबलाचं लिंग तपासत बसलो. स्त्रीलिंगी निघालं.

शेवटी बाई म्हणाल्या, फ्रेंच लोक फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोडीनं सांगतात. प्रत्येकानं एकेक चार आकडी नंबर तसा सांगा. सगळे अडखळले. सेक्रेटरी उभे राहिले आणि एका दमात म्हणाले, “कात्र-व्हँ-कात्र, कात्र-व्हँ-दीस-सेत.” चौऱ्याऐंशी, सत्त्याण्णव. एकही चूक नाही. बाईंनी टाळ्या वाजवल्या, वर्गानंही वाजवल्या. नंबर माझ्या स्कूटरचा होता.

बाहेर पाऊस लागला होता, रिक्षा थांबत नव्हती. त्यांना मागे बसवलं. वाटभर दोघंही गप्प. सोसायटीत शिरलो, गाडी स्टँडवर घेतली. ते उतरले, चष्मा पुसला, आणि वाकून पुढचं चाक पाहिलं.

“चार बोटं बाहेर आहे,” म्हणाले. “कात्र.”