वहिनीचे सहा लिटर

आज सकाळी भांडुप स्टेशनबाहेर दुधाच्या दोन पिशव्या घेत होतो, तेवढ्यात दादाने फोटो पाठवला. गावच्या दूध संकलन केंद्राच्या दारावर चिकटवलेला कागद. पुष्टकाळात, म्हणजे गाई जास्त दूध देतात त्या हंगामात, दूध जास्त झालंय, म्हणून उद्यापासून प्रत्येकाचं 70 टक्केच दूध घेणार. खाली ठळक अक्षरांत: सर्वांना समान कपात.

समान! माझ्या हातातली पिशवी रुपयानेही उतरलेली नाही, आणि तिकडे समान कपात.

डोळ्यांसमोर वहिनी आली. 2020च्या लॉकडाऊनमध्ये मी गावीच अडकलो होतो. हॉटेलं बंद, मिठाईवाले बंद. सरकारने रोज 10 लाख लिटर दूध 25 रुपयांनी घेऊन पावडर करायचं ठरवलं होतं, पण आमच्या केंद्रावरची कपात काही चुकली नाही. वहिनीने किटली काट्यावर ठेवली. केंद्रावरच्या पोराने फॅट लावली, 3.8. दुधात कसलीच खोट नाही. तरी पावती फाडली 14 लिटरची आणि सहा लिटर किटलीत परत ओतून दिलं. ती काही बोलली नाही. पदराने किटलीचं तोंड पुसलं, झाकण दाबलं आणि निघाली. मागे पिकअपमधून चाळीस गाईंच्या गोठ्याचे कॅन उतरत होते.

त्यांचे चारशेतले 120 लिटर गेले तरी 280 राहतात. वहिनीच्या दोन गाई. राहिलेल्या 14 लिटरमध्ये गाईंच्या सरकी पेंड आणि भरड्याचे पैसे सुटले तरी खूप झालं. तिचं घर त्या परत आलेल्या सहा लिटरवर चालतं हो! आणि गाईला कुठे कळतं केंद्राने कपात केलीय ते? धार काढावीच लागते, नाहीतर कास सुजते.

मोठ्या गोठेवाल्यांच्या डोक्यावर बँकेचं कर्ज असतं, मान्य. पण म्हणून पहिला घाव दोन गाईवालीवर?

युरोपने 1984 साली दुधाला कोटा लावला, म्हणजे कुणी किती दूध घालायचं याची मर्यादा. आधी ज्याचं जेवढं दूध, त्या हिशेबाने वाटला. कित्येक देशांत तो कोटा जमिनीसारखा विकला जायला लागला, भाड्याने जायला लागला. ज्याच्याकडे होतं त्याचंच भलं. 2015 साली उठवला. उठवल्यावर तिथेही भाव पडले, हे खरंय. म्हणून मी कपात नकोच असं म्हणत नाही. प्रत्येक घराचं पहिलं 20 लिटर बिनकपातीचं घ्या, काय कापायचं ते त्यावरचं कापा. एवढंच. यासाठी कुठली समिती लागते?

तुमच्यापैकी अर्ध्याजणांची घरं गावाकडे आहेत, कुणाचे काका-मामा दूध संघाच्या संचालक मंडळावर आहेत. संघाच्या येत्या सभेत हे बोला ना कुणीतरी. रागावून नको, नीट बसून बोला.

आत्ता दादाशी बोललो. उद्यापासून परत येणाऱ्या दुधाचा वहिनी खवा करणार म्हणे, चूल आत्ताच सारवून ठेवलीय. "तुझ्यासाठी एसटीने पाठवतो," म्हणाला. मला तिचा खवा आवडतो, लहानपणापासून. पण हा घशाखाली उतरणार नाही.