बाबांवर लिहायचं तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेपासून सुरुवात करा

‘मनमिळाऊ, परोपकारी, कुटुंबवत्सल.’ सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अशी श्रद्धांजली वाचली की मनापासून वाईट वाटतं. चाळीस वर्षं संसार ओढलेल्या माणसाच्या वाट्याला तीन विशेषणं, तीही कुणालाही लागू पडतील अशी. बायकामुलांसाठी राबलेल्या माणसाची माया त्याच्या रोजच्या कामांत असते. ती कामं तपशिलाने लिहायला हवीत, आणि तपशील गोळा करायला वेळ फार थोडा मिळतो.

पहिले बारा दिवस महत्त्वाचे. तेव्हा भेटायला येणारी माणसं पुन्हा घरी येतीलच असं नाही, विशेषतः गाडीतला ग्रुप. ठाण्याहून वीस-वीस वर्षं एकाच डब्यात, एकाच दाराशी उभं राहून गेलेल्यांना घरच्यांनी न पाहिलेले बाबा ठाऊक असतात. बाहेरच्या खोलीत दोनशे पानी वही ठेवा आणि भाच्याला किंवा जावयाला तिथे बसवा. “कसे होते हो?” विचारलं की “देवमाणूस” एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा पहिली भेट कुठे झाली, डब्यात काय आणायचे, शेवटचं बोलणं काय झालं, हे विचारा. उत्तर बोलतील तसंच उतरवा आणि पुढे नाव, फोन नंबर लिहा.

सालं कुणालाच आठवत नाहीत, म्हणून खुणा द्याव्या लागतात. वाशीला लोकल आली मे १९९२ मध्ये. घर त्याआधी घेतलं की नंतर? त्याआधी घेतलं असेल तर खाडीपुलावरून बसने जाण्यायेण्यात किती वेळ मोडायचा? ठाणे-वाशी गाडी २००४ ची, तिने दिवसातला किती वेळ वाचला? आणि २६ जुलै २००५ ला ते घरी कसे पोचले? ठाण्यात, नवी मुंबईत हा शेवटचा प्रश्न विचारला की गप्प बसलेला माणूसही बोलायला लागतो.

दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल तर ती शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली असण्याचीच शक्यता जास्त. आत्याला विचारा. “पोळ्याच्या आदल्या दिवशी” एवढं जरी सांगितलं आणि साल पक्कं असलं, तरी त्या वर्षीच्या पंचांगातून खरी तारीख निघते.

सगळ्यात मोठा ऐवज मात्र माळ्यावर गुंडाळून ठेवलेल्या जुन्या दिनदर्शिकांत असतो, आणि नेमक्या त्याच रद्दीत जातात. कालनिर्णय १९७३ पासून निघतं. अनेक घरांत त्याचे पंचवीस-तीस वर्षांचे गठ्ठे सापडतात. प्रत्येक चौकटीत बारीक अक्षर: ‘दूध नाही’, ‘सि. लावला’, ‘फी भरली’. हे हिशेब वाचायला शिका. १४.२ किलोचा सिलिंडर चौघांच्या घरात साधारण महिना-सव्वा महिना जातो. एखाद्या वर्षी तो वीस दिवसांतच संपलेला दिसला, तर तेव्हा घरी कोण राहायला होतं ते आईला विचारा. गावचा पुतण्या शिकायला आलेला असेल किंवा तिचीच आई आजारपणात आणलेली असेल. सलग तीन महिने दर गुरुवारी ‘डॉ. ५.३०’ आणि त्याच चौकटीत ‘हाफ डे’ दिसलं, तर त्या माणसाने रजा कुणासाठी खर्च केली ते कळतं. ‘कुटुंबवत्सल’ हा शब्द खोडून हे लिहा.

ही पानं लॅमिनेट करू नका. उष्णतेने चिकटलेलं प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही. सपाट करून प्रत्येक पानाचा ६०० डीपीआयवर स्कॅन घ्या. फोटोंनाही तेच. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढून काढला तर फाटतो. खालून दात साफ करायचा दोरा हळूहळू सरकवत सोडवा. मागे नावं लिहायची ती मऊ पेन्सिलीने, कारण बॉलपेनचा वण पुढच्या बाजूला उठतो.

मोबाइलच्या बाबतीत सगळ्यात जास्त चुका होतात. फोन रीसेट करून कुणाला तरी देऊन टाकतात आणि आवाज कायमचा जातो. प्रीपेड सिम ९० दिवस वापरलं नाही तर बंद होऊ शकतं, व्हॉट्सॲपचं खातं साधारण १२० दिवसांच्या शांततेनंतर काढून टाकलं जातं. आधी आई आणि मुलांशी झालेले चॅट मीडियासकट एक्स्पोर्ट करा आणि व्हॉइस नोट्सचं फोल्डर दोन ठिकाणी उतरवा. ‘भाजी आणू का’ एवढीच आठ सेकंदांची नोट असली तरी ठेवा.

आईला मात्र पहिल्या महिन्यात काही विचारू नका. नंतर, मेथी निवडत बसली असेल तेव्हा विचारा, आणि रेकॉर्ड करतोय हे सांगून करा. भावना विचारल्या की ती डोळे पुसून उठून जाईल; वस्तू विचारा. पहिल्या खोलीचं भाडं किती होतं, पहिला पगार कुणाच्या हातात दिला, पोरांना ताप आला की रात्री कोण जागायचं. एका वेळी पाऊण तास पुरे. ‘चांगला नवरा’ हे लिहायचं की नाही हे ठरवायचा हक्क तिचा एकटीचा आहे. त्यांचा राग, दोन-दोन दिवसांचा अबोला तिने सांगितला तर तोही लिहा. तो गाळला की माणूस ओळखू येत नाही.

वर्षश्राद्धापर्यंत वीसेक पानं सहज होतात. छापण्याआधी पूर्ण मजकूर आईला मोठ्याने वाचून दाखवा, चुका तीच काढेल. तिची प्रत वेगळी काढा, १८ पॉइंटच्या अक्षरात, आणि मागे चार पानं कोरी ठेवा. तिला नंतर बरंच आठवत राहतं.