काळ्या मातीला नावं कुणी ठेवली?

परवाच्या 'खोलीत लाईटखाली मिरची लावायची तर कुंडीत काय भरायचं' या पोस्टवर एक प्रतिक्रिया आलीये. त्यात मी कुंडीत काळ्या मातीऐवजी कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) आणि परलाईट (भट्टीत फुगवलेली ज्वालामुखीची काच) घ्या असं लिहिलं होतं. लिहिणाऱ्यांनी नाव दिलेलं नाही, नुसतं 'एक शेतकरी' असं लिहिलंय, म्हणून मी दादा म्हणते. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दादा म्हणतात, "ताई, फ्लॅटमध्ये बसून काळ्या मातीला नावं ठेवणं सोपं असतं. हे कोकोपीट, परलाईटचं खूळ तुम्ही परदेशातल्या गांजा लावणाऱ्यांच्या व्हिडिओवरून उचललंय. कोकोपीट न धुता वापरलं तर झाड जळतं एवढं साधं तुम्ही लिहिलेलं नाही. आणि तमिळनाडूतल्या पोल्लाचीहून ट्रकने येणाऱ्या मालात पर्यावरण कसलं आलं?"

आधी जे बरोबर आहे ते मान्य करते. कोकोपीट धुण्याबद्दल मी लिहायला हवं होतं, राहिलं. नारळाचा काथ्या काढायला सोडणं खाऱ्या पाण्यात भिजवतात, त्यामुळे भुशात सोडियम पोटॅश राहतं, ते आधी काढावं लागतं. मूळ पोस्टमध्ये आज ओळ वाढवली आहे. झालं.

आता बाकीचं. दादा, तुम्ही 'ताई' म्हणालात, पण बहिणीशी असं बोलतात का हो? 'एवढं साधं', 'खूळ', 'सोपं असतं'. मुद्दा सांगायचा तर सरळ सांगता आला असता, मी गेली सहा वर्षं इथे लिहितेय, चूक दाखवणाऱ्याला मी कधी उलट बोललेली नाही. पण मी फ्लॅटमध्ये राहते म्हणजे मला माती कळत नाही हे तुम्ही कशावरून ठरवलं?

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. वडिलांची दोन एकर थॉमसन द्राक्षांची बाग होती. ऑक्टोबर छाटणी झाली की शाळेतून आल्यावर आम्ही भावंडं पेस्ट लावायला बागेत, आणि मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो, म्हणजे बुरशीवरचं औषध, करायचं काम माझ्याकडे असायचं, हात निळे व्हायचे ते दोन दोन दिवस जायचे नाहीत. वडील पाणी द्यायच्या आधी बांधावर बसून मुठीत माती दाबून बघायचे. गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर वाफसा आहे, चिकटून राहिला तर अजून थांब. हा शब्द मी व्हिडिओतून शिकलेली नाही. मातीत ओल पण हवी आणि हवा पण हवी, दोन्ही एका वेळी, हे मला दहाव्या वर्षी माहीत होतं.

आणि मी त्या पोस्टमध्ये काळ्या मातीबद्दल एवढंच म्हटलंय, की शेतातल्या काळ्या मातीला वाफसा येतो आणि कुंडीतल्या काळ्या मातीला येत नाही. यात नावं ठेवणं कुठे आलं?

तुम्हाला पटत नसेल तर मी काय पाहिलं ते सांगते. लॉकडाऊनमध्ये मी माहेरहून दोन गोण्या माती आणली होती, आपल्याच बागेची, बारा इंची कुंड्यांत भरली आणि मिरची लावली. समोर नवीन बिल्डिंग उभी राहिल्यापासून इंदिरानगरच्या आमच्या बाल्कनीत ऊन येत नाही, म्हणून मागच्या खोलीत लाईट लावून करते सगळं. महिन्याभरात पानं पिवळी. वरून माती कोरडी दिसायची म्हणून मी पाणी घालायची. शेवटी कुंडी उलटी केली तर मातीचा अख्खा गोळा कुंडीच्या आकाराचा निघाला, डब्यातून काढलेल्या ढोकळ्यासारखा, पण दगडासारखा घट्ट. कडेने सुकून आकसलेला, त्यामुळे मी घातलेलं पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली जाऊन भोकातून निघून जायचं, मध्ये कोरडं ठणठणीत, आणि तळाची चार बोटं मात्र चिखल. त्या चिखलातली मुळं तपकिरी झालेली, बोटात धरून ओढली की साल निघून यायचं, आणि गटारीचा वास. आपल्याच बागेची माती होती ती, तिच्यावर वडिलांनी तीस वर्षं द्राक्षं काढली. वाईट वाटलं मला, आजही वाटतं.

कारण साधं आहे. काळ्या मातीत चिकण भाग चाळीस ते साठ टक्क्यांपर्यंत असतो, ती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते आणि भेगा पडतात. शेतात या भेगांचा उपयोगच होतो, हवा खाली जाते, गांडुळं असतात, ऊन वारा असतो आणि खाली इतकी खोली असते की जास्तीचं पाणी मुळांच्या खाली निघून जातं. कुंडीत खाली काय आहे? प्लास्टिक. भोकं कितीही पाडा, तळाशी पाणी धरून ठेवणारा एक थर राहतोच. घरी करून बघा, भांडी घासायचा चपटा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा, टपकायचं थांबलं की तोच स्पंज उभा धरा, परत पाणी गळायला लागेल. म्हणजे आडवा असताना ते आत अडकून होतं. बारीक कणांच्या मातीत हा अडकलेल्या पाण्याचा थर जाड असतो, भरड माध्यमात पातळ. आणि तुम्ही जे पुढे लिहिलंय की तळाला खडी टाकली की झालं, तर पाणी वरच्या मातीत भरेपर्यंत खडीत उतरतच नाही, उलट तो चिखलाचा थर खडीच्या उंचीने वर येतो, मुळांच्या जवळ.

म्हणून कोकोपीट आणि परलाईट. खूळ म्हणून नाही. कोकोपीट पाणी धरतं आणि तरी आत हवा राहते, परलाईट म्हणजे ज्वालामुखीची काच भट्टीत फुगवलेली, लाह्यांसारखी, ती जागा मोकळी ठेवते. माझं प्रमाण अर्धं कोकोपीट, पाव परलाईट, पाव गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटचा ५ किलोचा ठोकळा भिजवला की साधारण ७० लिटर होतो, एवढ्यात सात आठ कुंड्या होतात. परलाईट कोरडं कालवू नका, धूळ छातीत जाते, पाण्याचा फवारा मारून घ्या. यात वाफसा मुठीत बघता येतो, अगदी वडील बघायचे तसाच, दाबल्यावर दोन चार थेंब आले की बस्स, धार लागली तर जास्त झालं.

आता गांजाचं. दादा, हे तुम्ही लिहायला नको होतं. माझ्या सासूबाई पण हे पान वाचतात. हो, मी ते व्हिडिओ बघितलेत, लपवायचं काय त्यात. कॅनडात २०१८ पासून घरात चार रोपं लावायला बहुतेक प्रांतांत कायद्याने परवानगी आहे, त्यामुळे तिथल्या लोकांनी बंद खोलीत, लाईटखाली, कुंडीत मुळांचं काय होतं यावर खूप डोकं लावलंय, कोको, रॉकवूल (दगड वितळवून काढलेली लोकर), मातीचे भाजलेले गोळे सगळं करून बघितलंय. आपल्याकडे अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा १९८५ चा आहे, ते झाड लावणं गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि माझ्या खोलीत ज्वाला मिरची, तुळस आणि चेरी टोमॅटो आहेत, कुणीही येऊन बघावं. पण मुळाला हवा लागते हे ज्ञान कुणी सांगितलं म्हणून खोटं होत नाही. आपल्याकडच्या पॉलिहाऊसवाल्यांना विचारा, जरबेरा कोकोपीटच्या कुंड्यांत घेणारे आहेत. त्यांनाही तुम्ही असंच बोलणार का?

धुण्याचा विषय तुम्ही काढलाच आहे तर पूर्ण सांगते, कारण नुसतं पाण्याने धुणं पुरत नाही. एका दुकानातून 'धुतलेलं आहे' म्हणून आणलेला ठोकळा मी भिजवला, पिळून आलेलं पाणी चहासारखं लाल, टीडीएस मीटर (पाण्यातले क्षार मोजणारा) लावला तर आकडा १४०० च्या वर. तीन वेळा पाणी बदललं तेव्हा २०० वर आला. त्यानंतर कॅल्शियम नायट्रेट या खताच्या पाण्यात रात्रभर ठेवायचं, मी दहा लिटरला वीसेक ग्रॅम घेते, मग परत साध्या पाण्याने काढायचं. कारण कोकोपीट पोटॅश सोडतं आणि कॅल्शियम मॅग्नेशियम धरून बसतं, हे नाही केलं तर टोमॅटोचं बूड काळं पडतं. द्राक्षवाल्यांच्या घरी कॅल्शियम नायट्रेटची गोणी असतेच, पाहुण्यांकडून किलोभर मागून आणा, दुकानात पुड्या घेऊ नका.

पोल्लाची, ट्रक, पर्यावरण यावर मी वाद घालत बसत नाही, तुम्हीही खताची गोणी डोक्यावर आणत नसाल. ज्यांना कोकोपीट नकोच आहे त्यांनी त्र्यंबक, इगतपुरीकडची लाल माती घ्या, चाळून, त्यात निम्मं भरड असं काहीतरी घाला, भाताचं तूस चालेल, पण काळी नको. आणि दादा, तुम्ही काळ्या मातीतच करून दाखवणार असाल तर बारा इंची कुंडी, घरात, लाईटखाली, चाळीस दिवस मिरची ठेवा आणि एकेचाळिसाव्या दिवशी कुंडी उलटी करून मुळांचा फोटो पाठवा. पांढरी मुळं निघाली तर तो फोटो मी इथे सगळ्यात वर लावीन.