‘डार्क मोडमध्ये महत्त्वाच्या ओळीच दिसत नाहीत’: आमचं उत्तर

नमस्कार. दोन तारे देऊन तुम्ही लिहिलंत की आमच्या स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये डार्क मोड लावला की हायलाइट केलेल्या ओळी गायब होतात, तळटिपा फिक्या दिसतात, आणि एवढे पैसे घेऊन आम्ही पानावर दोनच ओळी रंगवतो. पहिल्या दोन तक्रारी मान्य. तिसरीवर थोडं भांडायचंय.

पिवळ्याची चूक सरळसरळ आमची. काळ्या अक्षरामागे पिवळा पट्टा कसा दिसतो ते पांढऱ्या पानावर बघून आम्ही रंग ठरवला. डार्क मोडमध्ये अक्षर पांढरं झालं, पट्टा तसाच भडक राहिला. पांढऱ्या आणि शुद्ध पिवळ्यातला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, जेमतेम १.०७ ला १ भरतो. वेब सुलभतेच्या, म्हणजे स्क्रीनवरचं सगळ्यांना नीट वाचता-वापरता यावं यासाठीच्या, निकषांत साध्या मजकुराला किमान ४.५ लागतो. म्हणजे जी ओळ वाचलीच पाहिजे, नेमकी तीच पुसली गेली. आता पट्ट्यावरचं अक्षर दोन्हीकडे काळंच राहील.

तळटिपांचा करडा रंग २.८५ वर होता, तोही नीट उठून दिसेल असा केलाय. अंकगणितात ‘धन संख्या’ आणि ‘घन संख्या’ यांत फरक काय, तर मुख्यतः डोक्यावरच्या रेघेचा एक तुकडा. फिक्या बारीक अक्षरात तो रात्री साडेअकराला कोण शोधत बसणार?

हे तपासताना आमचीच आणखी एक चूक सापडली. सराव चाचणीत बरोबर उत्तर हिरवं आणि चुकलेलं लाल, बाकी काही खूण नाही. लाल-हिरव्यात फरक न कळणाऱ्या मुलांनी काय करायचं? आता शेजारी बरोबरची खूण आणि फुलीही येईल.

राहिली कंजुषी. हेडविग फॉन रेस्टॉर्फ या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९३३ साली दाखवलं होतं की सारख्या गोष्टींच्या रांगेत वेगळी असलेली गोष्ट जास्त लक्षात राहते. मांडवात सगळ्यांनाच हळद फासली तर नवरदेव कोण ते कसं कळणार? त्यामुळे आमच्या ओळी दोनच राहतील. तुम्हाला हव्या त्या ओळी बोटाने रंगवायची सोय आहे, ती वापरा.

नवी आवृत्ती याच आठवड्यात येतेय. तोवर सेटिंग्जमध्ये सेपिया (फिकट तपकिरी पान) निवडा. तिथे अक्षर काळंच असतं, पट्टा नीट वाचता येतो.